सोमवारी आवळणारी छाती
गिरणगावातील ‘बायसिनोसिस’ आणि शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक दाहाची कथा

रविवारची सुटी संपवून सोमवारी भोंग्याबरोबर गिरणीत शिरायचे, यंत्रावर उभे राहायचे आणि पाळी संपत येईपर्यंत छाती दोरीने आवळल्यासारखी व्हायची. खोकल्याची उबळ यायची, श्वास अपुरा पडायचा. मंगळवार-बुधवारपर्यंत हा त्रास ओसरायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू व्हायचा. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना होणाऱ्या या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘बायसिनोसिस’ म्हणतात. परळ, लालबाग, लोअर परळ, दादर या पट्ट्यातील गिरणी कामगारांमध्ये तो आढळल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी करून ठेवली आहे.

या विकाराचे वैशिष्ट्य असे की, तो धूळ फुप्फुसात साचल्यामुळे होत नाही. धुळीतून आत गेलेल्या सूक्ष्म अंशांवर शरीराची प्रतिकारयंत्रणा तुटून पडते आणि त्या प्रतिकारातून निर्माण झालेला दाह श्वासमार्ग अरुंद करतो. म्हणजे इजा होते ती बऱ्याच अंशी शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी उचललेल्या शस्त्राने. हा दाह क्ष-किरण चित्रावर ठळक खूण सोडत नाही. त्यामुळे कामगाराचा दम लागणे ‘साधा दमा’, ‘विडीचा खोकला’ किंवा ‘वयोमान’ या सदरात जमा होत राहिले.

गिरणी, सुटी आणि सोमवार

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे उभारलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांची रांग उभी राहिली आणि त्यांच्या पायथ्याशी कोकण-घाटावरून आलेल्या माणसांचे गिरणगाव वसले. आरंभीच्या काळात आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी चळवळ उभारली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

माणसाला विश्रांती देणाऱ्या याच सुटीमुळे आजाराची ओळखही पटते. धुळीपासून एक-दोन दिवस दूर राहिल्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वाधिक होणे, ही बायसिनोसिसची खूण आहे. नेहमीचा दमा असा वार पाहून येत नाही.

सर्वाधिक धूळ असते ती ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत. ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडून, झोडपून साफ केल्या जातात. कार्डिंगमध्ये तो पिंजला जातो. रिंग खात्यात धूळ कमी आणि विणकामाच्या खात्यात सर्वसाधारणपणे त्याहून कमी असते. खाते कोणते आणि त्यात किती वर्षे गेली, यावर धोका ठरतो.

जुनी ओळख, उशिराचे नाव

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच अंबाडी-जवस पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन केले होते. फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनी १८७७ मध्ये तलम तागाच्या कापडासाठी असलेल्या ‘बिसॉस’ या ग्रीक शब्दावरून या विकाराला नाव दिले. ब्रिटनने १९४१ मध्ये बायसिनोसिसग्रस्तांसाठी भरपाईची योजना आणली. पुढे १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगार तपासून आजाराची प्रतवारी मांडली. पहिल्या पायरीवर त्रास फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी होतो, दुसऱ्या पायरीवर इतर दिवशीही होतो आणि तिसऱ्या पायरीवर श्वसनक्षमता कायमची घटलेली असते.

दाह म्हणजे काय?

बोटाला काटा टोचला की जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि दुखते. रोमन लेखक सेल्सस यांनी दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलेली दाहाची ही चार लक्षणे आजही वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवली जातात. जखमेकडे रक्तपुरवठा वाढतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर हल्ला चढवतात. काम संपले की दाह शमतो व डागडुजी सुरू होते. तो शमला नाही, अथवा त्याला चेतवणारी गोष्ट रोज नव्याने येत राहिली, तर निरोगी ऊतीही भरडल्या जातात.

कापसाच्या धुळीत केवळ तंतू नसतात. बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा, माती आणि त्यांवर वाढलेले ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ जीवाणू त्यात असतात. या जीवाणूंच्या बाह्य आवरणातील घटकाला ‘एंडोटॉक्सिन’ म्हणतात. जीवाणू मेला तरी हा घटक शिल्लक राहतो. फुप्फुसातील वायुकोशांत पहारा देणाऱ्या ‘मॅक्रोफेज’ या भक्षक पेशींवर तो ओळखणारी ग्राहके असतात. त्यांतील ‘टीएलआर-४’ या ग्राहकाची एंडोटॉक्सिन ओळखण्यातील भूमिका १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. त्या कार्यासाठी २०११ च्या वैद्यक नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

एंडोटॉक्सिनची चाहूल लागताच मॅक्रोफेज ‘सायटोकाइन’ नावाची निरोप पोहोचवणारी रसायने सोडतात. ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशी श्वासमार्गात गोळा होतात, आतील अस्तर सुजते, कफ वाढतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. कामगाराला जाणवते ती आवळलेली छाती. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग झालेलाच नसतो; मेलेल्या जीवाणूंच्या अवशेषांनी शरीर फसलेले असते.

धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातील एंडोटॉक्सिन महत्त्वाचे, हे १९८७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. स्वयंसेवकांना कापसाच्या धुळीत श्वास घ्यायला लावून मोजमाप केले असता, श्वसनक्षमतेतील घट एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी जुळली, एकूण धुळीशी नव्हे.

सोमवारचे कोडेही यातूनच उलगडते. एंडोटॉक्सिनचा मारा लागोपाठ होत राहिला की प्रतिकारपेशी काही काळ बोथट होतात. याला ‘सहनशीलता’ म्हणतात. सुटीच्या दिवशी त्या पुन्हा सावध होतात आणि पहिल्या पाळीला पूर्ण जोराने प्रतिसाद देतात. नव्याने गिरणीत लागलेल्यांना येणारा ‘मिल फीव्हर’ हा कणकणीचा तापही याच प्रकारचा असून, शरीर सरावले की तो जातो. मात्र त्रास जाणवेनासा झाला म्हणजे इजा थांबली, असे नाही.

मोजले तरच दिसते

बायसिनोसिसचे निदान प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, कामाचा तपशीलवार इतिहास. दुसरी, स्पायरोमेट्री. या चाचणीत रुग्ण जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा मोजली जाते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर मोजलेल्या आकड्यांतील घट हा मोलाचा पुरावा ठरतो. सिलिकोसिसमध्ये क्ष-किरण चित्रावर डाग दिसतात. येथे तसे काही हाती लागत नाही. उशिराच्या अवस्थेत हा विकार धूम्रपानजन्य दीर्घकालीन श्वासरोगासारखाच दिसतो. धूम्रपानाने तो आणखी बळावतो. पण धूम्रपान न करणाऱ्यालाही तो होतो.

धुळीचे काम करणाऱ्याने गूळ खावा म्हणजे घशातील कचरा साफ होतो, हा सर्वत्र आढळणारा समजही येथे तपासून घ्यायला हवा. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. श्वासनलिकेतील दाहापर्यंत तो पोहोचतच नाही.

मुंबईत हा आजार कुणी पाहिलाच नाही, असे नव्हे. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी येथील कापड कामगारांच्या श्वसनक्षमतेचा पाठपुरावा करून १९८० च्या दशकाच्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मुंबईतील एका गिरणीतील बायसिनोसिसचा अभ्यास छापून आला. डॉ. व्ही. मुरलीधर आणि कामगारांच्या आरोग्यासाठी झटणारे विजय कान्हेरे हे त्याच्या लेखकांपैकी होते.

कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील तिसऱ्या अनुसूचीत बायसिनोसिसची व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद होती. परंतु आजार यादीत असणे आणि तो सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकर मोजायची, तर गिरणी चालू हवी आणि माणूस कामावर हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि असंख्य कामगारांच्या बाबतीत ही मोजणी करण्याची संधीच उरली नाही.

काम सुटल्यावर काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत दीर्घ उत्तर शांघायमधून मिळाले आहे. तेथील सूतगिरणी कामगारांचा पाठपुरावा १९८१ पासून अनेक दशके करण्यात आला. तुलनेसाठी रेशीम गिरणीतील कामगार निवडले होते, कारण रेशमाच्या धुळीत एंडोटॉक्सिन नगण्य असते. कापसाच्या कामगारांची श्वसनक्षमता अधिक वेगाने घटली. काम सुटल्यानंतर त्यात काही अंशी सुधारणा झाली आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये ती अधिक दिसली. म्हणजे धुळीपासून लवकर दूर होणे हाच खरा उपचार. दीर्घकाळ सुजत राहिलेल्या नलिकांच्या भिंती जाड होतात, तेव्हा औषधांनी लक्षणे हलकी होतात. गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही.

एकच दाह, अनेक आजार

गिरणी कामगाराच्या छातीत घडते तेच निराळ्या रूपांत अन्यत्रही घडते. क्षयरोगात जंतूंना कोंडून ठेवण्यासाठी प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती गाठी रचतात; फुप्फुसाला पडणाऱ्या पोकळ्यांनाही मुख्यतः हाच प्रतिसाद कारणीभूत असतो. संधिवातावरील ‘टीएनएफ’ रोखणारी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात ती याचसाठी. दाह दाबला की गाठीतील सुप्त जंतू मोकळे होऊ शकतात.

हृदयविकारातही दाहाचा वाटा आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांचा समावेश होता. त्यात दाहाचे एक रसायन रोखणाऱ्या औषधाने, कोलेस्टेरॉल कमी न करताही, पुढील झटक्यांचे प्रमाण घटले. मात्र जीवघेणे संसर्ग किंचित वाढले. कोविडच्या साथीत २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. दाह हा सरसकट शत्रू नाही. कोणत्या वेळी तो किती असावा, हा प्रश्न आहे.

डॉक्टरांना काय सांगावे?

गिरण्यांच्या जागी आज मनोरे आणि मॉल उभे असले, तरी कापसाची धूळ राज्यातून हद्दपार झालेली नाही. सूतगिरण्या आणि विदर्भ-मराठवाड्यातील जिनिंग कारखाने येथे तोच कापूस झोडपला जातो. उपाय ठाऊक आहेत: धूळ निघते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रणा, स्वच्छ कापूस, नियमित स्पायरोमेट्री आणि लक्षणे दिसताच खातेबदल. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातल्यानंतर तेथे हा आजार झपाट्याने घटला.

गिरणगावातील चाळींत आणि गावी परतलेल्यांत आज सत्तरी-ऐंशी गाठलेले अनेक माजी कामगार आहेत. जिना चढताना दम लागत असेल, तर त्यांनी वा त्यांच्या मुलांनी डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: गिरणीतील खाते, तेथील वर्षे आणि सुटीनंतरच्या दिवशी होणारा त्रास. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘आपण काम काय करता?’ हेही विचारावे, असे रामाझ्झिनी यांनी तीन शतकांपूर्वी वैद्यांना बजावले होते. बायसिनोसिसच्या बाबतीत निदानाची सुरुवात आजही त्याच प्रश्नापासून होते.