शनिवारवाड्यानंतरचा एक निबंध

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्यातून पेशव्यांचा कारभार चाले तोवर अस्पृश्यांच्या हाती पोथी दिसणे हाच गुन्हा ठरे. तो वाडा १८२८ च्या आगीत जळाल्यावर अवघ्या २७ वर्षांनी, फुले दांपत्याच्या शाळेतील सुमारे १४ वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ अशा दोन हप्त्यांत छापला. ते स्वतंत्र पुस्तक नव्हते, तरी पोथी नाकारलेल्यांच्या मुलीचे ते छापील अक्षर होते. तालीमखान्यासमोरून, म्हणजे व्यायामशाळेपुढून, गेलेल्या अस्पृश्याचे मुंडके गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे टोलवले जाई, हे तिने बाजीराव पेशव्याचे नाव घेऊन लिहिले, आणि धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नसलेल्यांचा धर्म कोणता, असा रोखठोक सवालही केला.