बी.एड., डी.एल.एड.ला ॲडमिशन घेताय? आधी कॉलेजची एनसीटीई मान्यता बघा

निकाल लागले की तालुक्याच्या चौकात, एसटी स्टँडवर बी.एड., डी.एल.एड. कॉलेजांचे फ्लेक्स झळकतात. 'शासनमान्य', 'नॅक मानांकित' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण शिक्षकाच्या नोकरीसाठी यापेक्षा महत्त्वाचा एकच कागद आहे, तो म्हणजे एनसीटीईचा मान्यता आदेश. तो नसेल तर दोन वर्षं आणि फीचे पैसे, दोन्ही पाण्यात.

एनसीटीई म्हणजे काय?
एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था १९९५ पासून काम करते. महाराष्ट्रातली कॉलेजं तिच्या पश्चिम विभागीय समितीखाली येतात. आधी एनसीटीईची मान्यता, मग विद्यापीठाची किंवा परीक्षा घेणाऱ्या मंडळाची संलग्नता, असा क्रम कायद्यानेच ठरवला आहे. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक कोर्ससाठी आणि ठरावीक जागांसाठी असते. डी.एल.एड.ची मान्यता आहे म्हणून कॉलेजला बी.एड. चालवता येत नाही.

नॅक वेगळं, एनसीटीई वेगळं
नॅक कॉलेजच्या दर्जाला ग्रेड देतं. ग्रेड चांगली असणं उत्तमच, पण ती एनसीटीईच्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही.

कॉलेजकडे काय असायला हवं?
२०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांच्या बी.एड.साठी ठरवलेले मुख्य निकष असे:
– एका युनिटमध्ये ५० विद्यार्थी. दोन युनिट असतील तर १६ पूर्णवेळ प्राध्यापक.
– ५० जागांसाठी २५०० चौ.मी. जागा, त्यात १५०० चौ.मी. बांधकाम.
– प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस कामकाज.
– दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेचा अनुभव.
– वर्गात ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी.

म्हणजे 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं कोणी सांगत असेल तर ते नियमात बसत नाही, हे तिथेच ओळखा.

एवढे कडक नियम कशामुळे?
याचं एक कारण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर २०१४ ची नियमावली आली आणि बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं.

मान्यता नसेल किंवा रद्द झाली तर?
निकष मोडले तर कलम १७ नुसार मान्यता काढता येते. आदेश कळवल्यानंतर जे पुढचं शैक्षणिक सत्र येतं, ते संपल्यावर रद्दीकरण लागू होतं. त्यामुळे या मधल्या काळात प्रवेश घेणारा विद्यार्थी अडकू शकतो. मान्यता नसताना कोर्स चालवला, तर ती पदवी किंवा पदविका सरकारी नोकरीसाठी चालत नाही, अनुदानित शाळेतही चालत नाही. मार्कलिस्ट हातात असते, पण भरतीत कागदपत्रं तपासताना नाव बाद होतं.

फी भरण्याआधी हे तपासा
१. मान्यता आदेशाची प्रत मागा. त्यात कॉलेजचं नाव, पत्ता, कोर्स आणि जागा जुळतात का ते बघा.
२. एनसीटीईच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव शोधा. मान्यता काढल्याचा आदेश निघालाय का, तेही बघा.
३. बी.एड. असेल तर सीईटी सेलच्या प्रवेश प्रक्रियेत कॉलेज आहे का, विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का, ते विचारा. डी.एल.एड.साठी जिल्ह्याच्या डाएटमध्ये चौकशी करा.
४. कॉलेजच्या वेबसाइटवरची प्राध्यापकांची नावं आणि प्रत्यक्ष शिकवणारी माणसं तीच आहेत का, हे सध्या शिकणाऱ्या पोरांना विचारा.
५. प्रत्येक फीची पावती घ्या.

कागद दाखवायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर तिथे पैसे भरू नका.