सरासरी वेगाचा कॅमेरा : ब्रेक मारून सुटका नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे सुरू आहेत. त्या रस्त्याने माल नेणाऱ्या टेम्पोवाल्यांनी ही पद्धत समजून घ्यायला हवी.

वेग कसा मोजतात?
पहिला कॅमेरा नंबर प्लेट आणि वेळ टिपतो, पुढचाही तेच करतो. मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागलं की सरासरी वेग निघतो. समजा, अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा ताशी १०० आहे, तर किमान ६ मिनिटं लागायला हवीत. ५ मिनिटांत पोचलात तर वेग १२० निघतो. कॅमेऱ्याखाली गाडी हळू केली तरी दंड चुकत नाही.

चालकांची चिंता काय?
नियम पाळणाऱ्याचाही नंबर टिपला जातो. चुकीचं चलन आलं तर दिवसाची कमाई जाते.

नियम काय सांगतो?
केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ (२०२१) नुसार कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र आणि रस्त्यावर आधी सूचना फलक लागतो. नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची असते.

चलन आलं की आधी फोटोतली गाडी, नंबर, ठिकाण आणि वेळ ताडून बघा. जुळत नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते.