६१७४ : देवळालीच्या शिक्षकाची संख्या

गणिताच्या इतिहासात संख्यांना सहसा गाव नसते. ६१७४ ही संख्या मात्र याला अपवाद आहे. तिचा संबंध नाशिकजवळच्या देवळालीशी आणि तेथील एका शालेय शिक्षकाशी कायमचा जोडला गेला आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित-पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातील पद नाही. छंद एकच, संख्यांचा.

त्यांचा शोध सांगावयास सोपा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आल्यास पुढे शून्य धरावे. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० उणे ०१५९ म्हणजे ९३५१; पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४. येथून पुढे हलणे नाही, कारण ७६४१ उणे १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत.

यात चमत्कार काही नाही. पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट यांची बेरीज, हेच वजाबाकीचे उत्तर असते. पहिला फरक १ ते ९, दुसरा त्याहून मोठा नाही. म्हणून हजारो संख्यांची पहिली उत्तरे अवघी ५४ निघतात. तेवढ्यांचा माग कागदावर काढता येतो. त्यांत स्वतःकडे परतणारी एकच : फरक ६ आणि २ असलेली. ९९९ ची सहापट ५९९४, त्यात १८० मिळविले की ६१७४.

हा गुण दशमान लेखनाचा आहे, संख्येच्या अंतरंगाचा नव्हे, हा आक्षेप खरा आहे. तीन अंकांत ४९५ ही संख्या असेच स्थान पटकावते. पाच अंकांत अशी एकही संख्या नाही. परंतु ज्या लेखनपद्धतीत आपण रोज हिशेब करतो, तिच्या पोटात असा नियम दडलेला असावा आणि तो कोणी पाहिलेला नसावा, यातच कापरेकरांच्या दृष्टीचे मोल आहे.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तरीही असे संशोधन म्हणजे करमणूक, अशीच अनेक विद्वानांची समजूत होती. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्या कार्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. कापरेकर तेव्हा सत्तरीत होते. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते निवर्तले.

परक्या दारी मान मिळाल्यावाचून घरच्या माणसाची किंमत आम्हांस कळू नये, हे काही भूषण नव्हे. आज जगभर ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. आपल्या घरांतील मुलांना ती वही-पेन्सिल देऊन दाखवावी, आणि ती दाखवताना शिक्षकाचे नावही सांगावे.