‘शेवट गोड असलेली द्या’

बोरिवली स्टेशनजवळच्या एका खासगी वाचनालयात मी बरीच वर्षं पुस्तकांची देवघेव सांभाळली. संध्याकाळी चर्चगेटच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की काउंटरशी बायकांची रीघ लागायची. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी आणि तिच्यातच बदलायची कादंबरी. नवी देताना मी दोन वाक्यांत गोष्ट सांगायची आणि मग प्रश्न यायचा, ‘माणसं चांगली आहेत ना हो त्यात? शेवट गोड असलेली द्या.’

ही मागणी आमच्या काउंटरपेक्षा कितीतरी जुनी. शिकलेल्या तरुण-तरुणींची प्रेमकथा मराठी मध्यमवर्गाच्या घरात रुजवली ती ना. सी. फडक्यांनी. त्यांची ‘दौलत’ १९२९ची. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर हा वाद पुढे खूप गाजला. वाचणाऱ्या बायका मात्र दोघांनाही एकाच पिशवीतून घरी नेत होत्या.

१९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेत आले. गिरगाव-दादरच्या चाळींतली कुटुंबं इकडे सरकली आणि वाचनाची सवय सोबत घेऊन आली. पार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ होता, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ होता. त्यांची ग्रंथालयं नावाजलेली. बाकी ठिकाणी तळमजल्यावरच्या एखाद्या गाळ्यात अनामत आणि मासिक वर्गणीवर चालणारी आमच्यासारखी वाचनालयं उभी राहिली.

फळीवर सर्वांत लवकर झिजायच्या त्या लेखिकांच्या कादंबऱ्या: सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे. पहिल्या दोघी डॉक्टर, जोगळेकर गायिका. स्वतः बाहेर वावरणाऱ्या या बायकांना घर आणि काम यांत ओढली जाणारी बाई आतून ठाऊक होती. शेजारी चंद्रकांत काकोडकर असायचे. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. मग सुहास शिरवळकर आले आणि कॉलेजची मुलंही रांगेत उभी राहू लागली.

५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली अशी बायकांसाठीची खास गाडी सुरू झाली. बसायला जागा मिळाली की जवळजवळ तासभर वाचन. आमच्या काही सभासद तर दोन दिवसांत कादंबरी संपवून परत आणायच्या.

शिवून, खाकी कव्हर घालून ठेवलेल्या त्या प्रतींत कोपऱ्यात पेन्सिलीच्या खुणा असत. कुणाचं फूल, कुणाचं आडनावाचं आद्याक्षर. ही आपली वाचून झाली आहे, हे कळावं म्हणून. शेवटच्या पानावर अभिप्रायही सापडत: ‘छान आहे, जरूर वाचा’, ‘नायक फार समजूतदार’. पुस्तकावर लिहू नये हा नियम आम्हीच भिंतीवर लावला होता, तरी ती अक्षरं खोडायला माझा हात कधी धजला नाही.

या कादंबऱ्यांना ‘वेळ घालवण्याचं वाचन’ म्हणणं मला मान्य नाही. आमच्या बहुतेक सभासदांची लग्नं बघून-दाखवून ठरलेली. पुरुषाने बायकोचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं, चुकलं तर कबूल करावं, तिच्या नोकरीचा अभिमान बाळगावा, ही अपेक्षा बोलून दाखवायला घरात जागा नव्हती. चांगला नायक त्या कशाला म्हणतात, ते मात्र त्या काउंटरवर नेमकं सांगायच्या. मुलींची स्थळं पाहताना हीच कसोटी त्यांनी लावलेली मी ऐकली आहे.

अशी वाचनालयं एकेक करून बंद होत आहेत आणि त्यांची रजिस्टरं रद्दीत चालली आहेत. मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती आधी मागून घ्यावीत. कुठली कादंबरी किती घरांत फिरली, हे समीक्षेच्या ग्रंथात सापडणार नाही. त्या रजिस्टरांत तारीखवार लिहिलेलं आहे.