कागदाने घडवलेला प्रिंटर

घरी प्रिंटर घ्यायचा ठरला की चर्चा शाईच्या खर्चाची होते, वायफायची होते, स्कॅनर हवा की नको याची होते. छापायचं कशावर, हा प्रश्न सहसा निघतच नाही. कागद काय, कुठल्याही दुकानात मिळतो, असं गृहीत धरलेलं असतं. इंकजेटचा इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. हे यंत्र ज्या ज्या वळणावर बदललं, तिथे बहुतेक वेळा कागदाने त्याला बदलायला लावलं आहे. म्हणून ज्याला साध्या कागदाबरोबरच फोटोचा चकचकीत कागद, हातकागद, पत्रिकेचं जाड कार्ड असं नाना प्रकारचं छापायचं आहे, त्याने आधी कागद ठरवावेत आणि मग ते झेपतील असा प्रिंटर शोधावा, असं माझं मत आहे.

कॅनन कंपनी सांगते ती हकिकत अशी: १९७७ साली प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा चुकून स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईत क्षणभर बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून हाती लागलं. अमेरिकेत एचपीचे अभियंतेही थोड्याच काळात स्वतंत्रपणे त्याच वाटेला लागले. त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. १२ छिद्रांचं, शाई संपली की फेकून द्यायचं डोकं ही त्याची खरी करामत. पण अक्षर नीट हवं तर त्याला खास कागद लागे. छिद्रातून सुटायची तर शाई पाण्यासारखी पातळ हवी, आणि पातळ शाई साध्या कागदाच्या तंतूंमधून पसरते, अक्षराला मिशा फुटतात. १९८८ चा डेस्कजेट गाजला तो इंचाला ३०० ठिपके देत होता म्हणून, आणि ते ऑफिसातल्या साध्या कागदावर देत होता म्हणूनही.

शाई पसरू न देणारा कागद ही काही नवी गरज नव्हे. दौलताबाद, जुन्नर भागातले कागदी हाताने केलेल्या तावाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, ते बोरूची रेघ स्वच्छ उमटावी म्हणूनच. लिहिणारा काजळाची शाई वापरी. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, कागदावर बसून राहतात. पेशवे दफ्तरातली मोडी आजही काळीभोर दिसते ती त्यामुळे. खळीचा ताव आणि कणांची शाई ही जोडी जुन्या लेखनिकाला ठाऊक होती. इंकजेटवाल्यांना ती ग्राहकांच्या तक्रारी ऐकून नव्याने जुळवावी लागली.

एप्सनने उष्णता टाळून विजेने वाकणारा स्फटिक वापरला. १९९४ चा त्यांचा स्टायलस कलर इंचाला ७२० ठिपके टाकत असे, पण ती बारकाई दिसायला लेप दिलेला कागद घ्यावा लागे. साध्या कागदावर तेच ठिपके एकमेकांत मिसळत. मग लेपांचे दोन पंथ झाले. एकात जिलेटिनसारखा थर शाई पिऊन फुगतो आणि तिला आत बंद करून टाकतो. चित्र टिकतं, पण सुकायला वेळ घेतं आणि दमट हवेत चिकट होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. दुसऱ्या पंथात अतिसूक्ष्म खनिज कणांच्या फटींत शाई तत्काळ शिरते, लगेच हात लावला तरी पुसत नाही. लोकांना अर्थातच दुसरा आवडला. २००० साली एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० आले, आणि त्यांवर अशा चकचकीत कागदावर काढलेले काही फोटो काही आठवड्यांतच नारिंगी पडू लागले. कारण होतं हवेतला ओझोन. फटी उघड्या, त्यामुळे वायू आत शिरे आणि पाण्यात विरघळलेला निळा रंग खाऊन टाकी. कंपनीने टिकाऊपणाची हमी दिली होती ती उजेडाच्या चाचणीवरून. हवेचा विचार तीत नव्हता. तीच शाई दुसऱ्या कागदावर बरी टिके, म्हणजे दोष एकट्या शाईचा नव्हता, जोडीचा होता. त्याच वर्षी आलेल्या २०००पी मध्ये रंगकणांची शाई होती. ती टिकाऊ ठरली, पण घरातल्या दिव्याखाली ठीक वाटणारे करडे रंग दिवसाच्या उजेडात हिरवट दिसत. २००२ च्या २२०० ने हे बरंच सुधारलं. मात्र त्यातही मॅट कागदासाठी एक काळी शाई आणि चकचकीतसाठी दुसरी, अशी काडतुसं बदलावी लागत.

जाडीचा अडसर याहून जुना. १९९१ मध्ये गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी मॅक होल्बर्ट यांच्यासह कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईशाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे छापखान्यांसाठी नमुना-प्रती काढणारं आयरिस ३०४७ हे महागडं यंत्र होतं. जलरंगाचा जाड कागद त्यात बसावा म्हणून त्यांनी यंत्रातच कापाकापी केली. ते आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. घरच्या प्रिंटरवर करवत चालवायला कोणी धजणार नाही. पुढच्या ट्रेमधून कागद घेऊन पोटात वळवणारी रचना जागा वाचवते, पण ३०० जीएसएमचं कार्ड तिथे अडकतं किंवा वाकतं. अशा कार्डासाठी मागून सरळ आत नेणारी वाटच हवी.

यावर कोणी म्हणेल, आताचे प्रिंटर सगळ्यावर छापतात, माहितीपुस्तकात कागदांची लांबलचक यादीच असते. असते खरी, पण कागद आत जाईल एवढंच ती सांगते, त्यावर शाई कशी बसेल हे सांगत नाही. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियातून सुरू केलेले आणि आता आपल्याकडेही दिसणारे शाईच्या टाकीचे प्रिंटर घ्या. त्यांतल्या अनेकांत काळी शाई कणांची आणि रंगीत शाई विरघळणारी असते. बिलं, अर्ज, मुलांचे प्रकल्प यांना ही सोय उत्तम. चकचकीत कागदावर मात्र ती काळी शाई नीट बसत नाही, म्हणून यंत्र तीन रंग मिसळून काळं करतं आणि केस, सावल्या फिक्या पडतात. दुसरा आक्षेप पैशाचा. सगळ्या रंगांत कणांची शाई असलेला प्रिंटर महाग पडतो, आणि चकचकीत कागदावर विरघळणाऱ्या शाईचे रंग अनेकदा अधिक खुलतात. हे मान्य. ज्याला फोटो वर्षभर फ्रिजवर लावायचे आहेत त्याने कणांच्या शाईच्या मागे लागू नये. पण हातकागदावर आमंत्रणं छापणाऱ्याने किंवा आजोबांच्या फोटोची प्रत भिंतीवर लावणाऱ्याने टाकीची स्वस्ताई पाहून निर्णय घेतला, तर पुढे कागदच वाया जातात.

दुकानात जाताना आपल्याला लागणाऱ्या प्रत्येक कागदाचे दोन-दोन ताव पिशवीत न्या, आणि विक्रेत्याला त्यांवरच छापून दाखवायला सांगा. नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.