वैशालीची भेरी आणि बीडची जिल्हा परिषद

वज्जींचे गणराज्य जिंकू पाहणाऱ्या अजातसत्तूने आपला अमात्य वस्सकार यास तथागतांकडे पाठविले, हा महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ सर्वपरिचित आहे. तेव्हा तथागतांनी आनंदास विचारलेल्या सात प्रश्नांत सैन्य वा कोष यांचा उल्लेख नाही. पहिला प्रश्न एवढाच, की वज्जी वारंवार सभा भरवितात काय? पुढे वस्सकाराने वैशालीत भेद पेरला. अट्ठकथा सांगते की, शत्रू आला तेव्हा भेरी वाजली. परंतु बलवंतांनी आणि शूरांनीच जमावे, असे म्हणून लिच्छवी घरीच राहिले.

ही कथा आम्हांस बीड जिल्ह्यात आठवते. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने त्यांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना राखीव जागा दिल्या. मार्च 2022 मध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका चार महिन्यांत घ्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 6 मे 2025 रोजी आला. तोवर तीन वर्षे उलटली होती.

या काळात आमचे काही तरुण म्हणत, सभासद नसले म्हणून काय बिघडले? कामे साहेब करतातच. ही निराशा निष्कारण नाही. सभासदांचा व्यवहार त्यांनी पाहिलेला आहे. स्वतः बाबासाहेबांनीही 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाची कठोर चिकित्सा केली होती. तथापि 1932 साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी मागितला तो अस्पृश्यांचा प्रतिनिधी. अधिकाऱ्यांचे राज्य नव्हे. सभाच नसेल तर राखीव जागाही उरत नाही. सभासदास आपण पाच वर्षांनी घरी पाठवू शकतो, प्रशासकास नाही.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खूसंघाच्या सभानियमांचे स्मरण दिले आणि ही परंपरा भारताने एकदा गमावली, पुन्हा गमावेल काय, असे विचारले. त्याचे उत्तर प्रथम ग्रामसभेत द्यावे लागेल. ती भरते तेव्हा विहारातील उपासक-उपासिकांनी तेथे उपस्थित असावे, एवढीच आमची विनंती आहे.